कनानी कुणाला म्हणायचं?

उर्दू गझला ऐकणाऱ्या माणसाला 'कनान' हा शब्द पहिल्यांदा भेटतो तो चंद्राच्या सोबतीनं. गालिबचा शेर आहे : 'सब रक़ीबों से हों नाख़ुश, पर ज़नान-ए-मिस्र से / है ज़ुलेख़ा ख़ुश कि महव-ए-माह-ए-कनआँ हो गईं'. प्रेमातल्या प्रतिस्पर्ध्यांवर कुणीही जळेल, पण जुलेखा इजिप्तच्या बायकांवर खूश आहे. एका गुलामापायी इतकी खुळी कशी झालीस, म्हणून त्या तिला नावं ठेवत होत्या. तो गुलाम समोरून गेला आणि फळं चिरायला घेतलेल्या सुऱ्यांनी त्यांनी आपलीच बोटं कापून घेतली. हा 'कनानचा चंद्र' म्हणजे यूसुफ, बायबलमधला योसेफ. भावांनी त्याला विहिरीत टाकलं, मग तो इजिप्तला विकला गेला. त्याचं घर राहिलं कनानात, म्हणजे आजच्या इस्रायल, पॅलेस्टाइन, लेबनॉनच्या पट्ट्यात.

फारसी-उर्दूत कनआन हा माहेरासारखा शब्द आहे. 'कनआनचा म्हातारा' म्हटलं की यूसुफचा बाप याकूब. लेकासाठी रडून रडून त्याचे डोळे गेलेले. हाफिजची एक गझल तर हरवलेला यूसुफ कनआनला परत येईल, दुःख करू नकोस, अशा दिलाशानंच सुरू होते. तुर्कस्तानात मुलांची नावं केनान ठेवतात; १९८० साली लष्करी उठाव करून सत्ता घेणारे जनरल केनान एव्रेन यांचंही नाव त्यातलंच. नाव ठेवताना आईबापांच्या डोळ्यांपुढे चंद्र असणार, रणगाडे नसणार.

आणि याच फारसीत कनआन नावाचा एक वाया गेलेला पोरगाही आहे. महापुराच्या वेळी नूहचा एक मुलगा बापाचं न ऐकता डोंगरावर चढायला गेला आणि बुडाला, ही कथा कुराणात आहे. त्याचं नाव मात्र तिथे नाही. खरं तर कनआन हा शब्दच कुराणात कुठे नाही. पुढच्या भाष्यकारांनी आणि कथेकऱ्यांनी त्या मुलाला कनआन म्हटलं आणि ते रूढ झालं. सादीनं त्यावरून टोला हाणला आहे : कनआन मुळातच नालायक, पैगंबराच्या पोटी जन्मून त्याची किंमत काही वाढली नाही. एकच शब्द, एकाच भाषेत, कधी डोळे लावून बसावं असं गाव आणि कधी बुडून मेलेला दिवटा.

पुढे मी हा शब्द जिथे दिसेल तिथे टिपून ठेवू लागले. कनानी म्हणजे कोण, याचं उत्तर प्रत्येक भाषेत वेगळं निघतं आणि कनानी म्हणवला गेलेला माणूस स्वतः बहुतेक वेळा त्या वाक्यात बोलतच नसतो.

नूहचं, म्हणजे नोहाचं, नाव निघालंच आहे तर बायबलमधली गोष्ट आधी सांगते. जलप्रलय ओसरल्यावर नोहानं द्राक्षमळा लावला, दारू प्याला आणि तंबूत उघडाच पडला. त्याचा मुलगा हाम यानं ते पाहिलं आणि बाहेर जाऊन भावांना सांगितलं. शुद्धीवर आल्यावर नोहानं शाप दिला तो मात्र हामच्या मुलाला, कनानला : तू आपल्या भावांच्या गुलामांचा गुलाम होशील. पाहिलं बापानं, शाप लेकराला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. शतकानुशतकं भाष्यकारांनी यावर डोकेफोड केली आहे. मला सरळ दिसतं ते एवढंच की ही गोष्ट लिहिणाऱ्यांना कनानच्या लोकांशी हिशेब चुकता करायचा होता आणि त्यासाठी वंशावळीत सोयीची जागा हवी होती.

त्या सोयीच्या जागेनं पुढे फार किंमत वसूल केली. यहुदी धर्मशास्त्रात यहुदी नसलेल्या गुलामाला 'कनानी गुलाम' असं कायद्याचं नावच पडलं, मग तो कुठल्याही देशातून आणलेला असो. पुढे ख्रिस्ती आणि मुसलमान लेखकांपैकी काहींनी हामची संतती म्हणजे आफ्रिकेतले काळे लोक असं धरलं. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत एकोणिसाव्या शतकात गुलामगिरीचं समर्थन करणारे पाद्री व्यासपीठावरून हाच अध्याय वाचत. शाप कनानला दिला होता आणि कनानचा आफ्रिकेशी काही संबंध नव्हता, हे त्याच पानावर छापलेलं होतं. पण गरजवंताला पान उलटून बघायची सवड नसते.

त्याच मळ्यांत, त्याच काळात, गुलाम कनानची गाणी गात होते. 'मी कनान देशी निघालोय' असं गाणं. मालक ऐकत आणि समजत, देवभोळे लोक आहेत, स्वर्गाची आस लागली आहे. फ्रेडरिक डग्लस स्वतः गुलामगिरीतून पळून सुटलेला. त्यानं १८५५ साली छापलेल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं की या गाण्यात स्वर्गापेक्षा जास्त काही होतं. आम्हाला उत्तरेला पोचायचं होतं आणि उत्तर हाच आमचा कनान होता. ज्यांना कनानचे वंशज ठरवून बेड्या घातल्या, ते बेड्यांसकट कनानकडे जायची वाट गाण्यातून एकमेकांना सांगत होते. शापाचा कनान माणसाचा आणि गाण्यातला भूमीचा, एवढाच काय तो फरक.

हिब्रूत या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, आणि तो मला सगळ्यांत मजेदार वाटतो : व्यापारी. नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायात सद्गुणी गृहिणीचं वर्णन आहे. ती पहाटे उठते, सूत कातते, तागाची वस्त्रं विणते आणि कमरपट्टे 'कनानी'ला देते. तिथे कनानी म्हणजे शत्रू नाही, दारावर माल घ्यायला येणारा वाणी. होशेय संदेष्टा 'कनान'च्या हाती खोटी तागडी असल्याचं सांगतो. यहेज्केल बाबिलोनच्या मुलखाला 'कनानचा देश' म्हणतो आणि त्याचा अर्थ 'बाजारपेठेचा मुलूख' असा होतो. किनाऱ्यावरची सोर आणि सिदोन ही व्यापाराची गावं. तिथले लोक इतके दारोदार फिरले की जमातीचं नाव धंद्याला चिकटलं. भाषांतर करणाऱ्यांचे यात हाल झाले. जखऱ्याच्या पुस्तकातलं अगदी शेवटचं वाक्य म्हणतं की त्या दिवशी परमेश्वराच्या मंदिरात एकही कनानी उरणार नाही. जेरोमनं लॅटिनमध्ये तिथे 'व्यापारी' लिहिलं. इंग्रजांच्या १६११ च्या बायबलात 'कनानी'च राहिला. म्हणजे एका वाचकाला वाटतं देवळातून दुकानं हटवणार, दुसऱ्याला वाटतं परकी जमात हटवणार. कुठे दुकान आणि कुठे जमात! दोन्ही वाचकांच्या हाती एकच पुस्तक, आणि ते आपापल्या गावी जाऊन त्याप्रमाणे वागणार.

बायबलच्या कितीतरी आधीच्या मातीच्या पाट्यांवरही हा शब्द आहे. सिरियातल्या मारी इथे सापडलेल्या, जवळजवळ पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या एका पत्रात कुणी अधिकारी कळवतो की चोर आणि कनानी अमुक गावात ठाण मांडून आहेत, आम्ही नुसते एकमेकांकडे बघत बसलो आहोत. शब्दाचा हा बहुधा सगळ्यांत जुना उल्लेख, आणि शेजारी कोण, तर चोर. इजिप्तच्या अमार्ना इथे १८८७ साली मिळालेल्या पाट्यांत बाबिलोनचा राजा बुर्नाबुरियाश इजिप्तच्या फारोला खडसावतो : माझे व्यापारी कनानात मारले गेले, कनान तुझा देश, तिथले राजे तुझे चाकर, तेव्हा भरपाई तू दे. आजच्या कुठल्याही परराष्ट्र खात्याच्या निषेधखलित्यात शोभेल अशी भाषा. सिरियाच्या किनाऱ्यावरच्या उगारित शहरात व्यापाऱ्यांची एक यादी मिळाली, तिच्यात एका नावापुढे 'कनानी' असं लिहिलं आहे. आपल्या गावच्या माणसापुढे कुणी असं लिहीत नाही. म्हणजे आज ज्या उगारितच्या देवकथांना सर्रास कनानी म्हटलं जातं, ते उगारितकर स्वतःला कनानी समजत नव्हते. कनानी म्हणजे तो, दक्षिणेकडून आलेला. फारो मेर्नेप्ताह इ.स.पू. १२०८ च्या सुमारास शिळेवर कोरून घेतो की कनान लुटला गेला आणि इस्रायलचं बीज उरलं नाही. 'इस्रायल' नावाचा हा सर्वांत जुना निश्चित मानला जाणारा उल्लेख. कनान आणि इस्रायल एकाच शिळेवर, जवळजवळच्या ओळींत, दोघंही संपल्याची बातमी. सरकारी पत्रकांवर किती विश्वास ठेवावा याचा तो दगडी नमुना कैरोच्या संग्रहालयात उभा आहे.

शब्द मुळात आला कुठून, यावर भांडण आहे. कुणी म्हणतं 'खाली असणं' या अर्थाच्या धातूवरून, म्हणजे सखल प्रदेश. कुणी म्हणतं जांभळट लाल रंगाच्या नावावरून. समुद्री गोगलगाईंपासून हा रंग काढण्यात तिथले लोक वाकबगार होते आणि ग्रीकांनी त्यांना दिलेलं 'फिनिशियन' हे नावही तशाच लाल रंगाशी जोडतात. मला रंगाची कथा आवडते, पण आवडणं हा पुरावा नव्हे.

भाषेचं मात्र असं नाही, तिथे पुरावा भरपूर आहे. बायबल कनानला हामचा मुलगा करतं आणि इस्रायलला शेमच्या वंशात ठेवतं. अठराव्या शतकात जर्मन विद्वानांनी याच शेमवरून 'सेमिटिक' हे भाषाकुलाचं नाव काढलं. आता त्या कुलाच्या आत आज जी एक शाखा मानतात तिचं नाव कनानी, आणि तिच्यात फिनिशियन, मवाबी यांच्या पंक्तीला हिब्रू बसते. म्हणजे नोहानं ज्याला शाप दिला त्याच्याच नावाच्या शाखेत शाप लिहिणाऱ्याची भाषा. हे आधुनिक पंडितांचं कारस्थान म्हणावं तर यशया संदेष्टाच सांगतो की एक दिवस इजिप्त देशात पाच नगरं 'कनानची भाषा' बोलतील. तिथे कनानची भाषा म्हणजे हिब्रू. जमीन घेतली, देव मोडले, नाव शिवीसारखं वापरलं, पण तोंडातली जीभ तीच होती, आणि निदान एकदा ते कबूलही केलं.

या शाखेची एक खूण कानाला लगेच कळते. जुना लांब 'आ' इथे 'ओ' होतो. अरबीत सलाम, हिब्रूत शालोम. अरबीत 'नाही'ला ला, हिब्रूत लो. जिभेला अरबीत लिसान, हिब्रूत लाशोन. तीनला अरबीत सलास (सुरुवातीचा उच्चार जरा वेगळा), हिब्रूत शालोश. हा तीनचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कनानी लिपीतलं सापडलेलं सर्वांत जुनं अख्खं वाक्य कुठल्या राजाचं किंवा देवाचं नाही. इस्रायलमधल्या लाखिश इथल्या उत्खननात २०१६ साली हस्तिदंताचा एक छोटा कंगवा मिळाला, जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचा. एका बाजूला जाड दाते, दुसऱ्या बाजूला बारीक. आपल्याकडच्या फणीत असतात तसेच. त्यावर कोरलेली पुसट अक्षरं पुढे काही वर्षांनी कुणाच्या तरी लक्षात आली. सतरा अक्षरं, सात शब्द : हा सुळा केसांतल्या आणि दाढीतल्या उवा उपटून काढो. कंगवा सुमारे इ.स.पू. १७०० चा. एका दात्यावर उवेचे अवशेषही सापडले. हस्तिदंत तिथला नव्हे, बाहेरून आणलेला. म्हणजे कंगवा बऱ्या घरचा. बायबलमधले कनानी मूर्तिपूजक, मुलांचा बळी देणारे, भूमीला वीट आणणारे. स्वतःच्या अक्षरांत ते बोलतात तेव्हा डोकं खाजतंय म्हणून सांगतात.

स्वतः बोललेले कनानी फार थोडे. बेरूतच्या इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या नाण्यांवर 'कनानातली लाओदिकिया' असं गावाचं नाव आहे, तेवढं एक. दुसरं उदाहरण उत्तर आफ्रिकेतलं, आणि ते संत ऑगस्टीनच्या हातून आलेलं. इसवी सन ३९४ च्या सुमारास, आजच्या अल्जीरियात, हिप्पो गावी, पौलाच्या रोमकरांस पत्रावर तो टीका लिहायला बसला. (ती पुरी झालीच नाही.) आसपासच्या खेड्यांत अजून प्युनिक बोलली जात होती, फिनिशियनांनी वसवलेल्या कार्थेज शहराची भाषा, फिनिशियनची लेक. ऑगस्टीन सांगतो : हिप्पोचा बिशप वालेरियस यानं खेडूतांच्या बोलण्यात 'सालुस' असा शब्द ऐकला. लॅटिनमध्ये सालुस म्हणजे तारण. त्यानं दोन्ही भाषा येणाऱ्याला विचारलं, याचा अर्थ काय? तो म्हणाला, तीन. बिशप हरखला, तारण आणि त्रिमूर्ती एकाच शब्दात! आता वरचा आकडा आठवा. अरबी सलास, हिब्रू शालोश, प्युनिक सालुस. 'आ'चा 'ओ' झाला, आणि समुद्र ओलांडून 'ओ'चा 'ऊ' झाला. बिशपला देव दिसला तिथे मला स्वर सरकताना ऐकू येतो. दोघांचाही आनंद खराच.

याच ठिकाणी ऑगस्टीन पुढे म्हणतो की आमच्या या खेडूतांना विचारलं तर ते प्युनिकमध्ये उत्तर देतात, 'खनानी'; अशा लोकांकडून एखादं अक्षर बिघडायचंच, पण ते स्वतःला कनानीच म्हणवतात. पिढ्यान् पिढ्या इतिहासकारांनी हे वाक्य डोळ्यांत पाणी आणून उद्धृत केलं आहे : कार्थेज जाळून साडेपाचशे वर्षं झाली, तरी आफ्रिकेतल्या शेतकऱ्याला आपण कनानचे आहोत हे ठाऊक होतं! अलीकडे काही अभ्यासकांनी हस्तलिखितं पुन्हा उघडली. छापील प्रतींत लॅटिन 'सिंत' होतं, 'ते कोण आहेत'. हस्तलिखितांत 'सित' आहे, 'ते काय आहे', म्हणजे प्रश्न बहुधा भाषेबद्दलचा. एका 'न'वर एका समाजाची आठवण टांगलेली. खेडूताला एक अक्षर बिघडवल्याबद्दल हिणवणाऱ्या वाक्यातच पुढच्या कुणा पंडितानं एक अक्षर वाढवून ठेवलं, हे मला इतकं आवडलं की त्या अभ्यासकांचं म्हणणं खरं निघावं अशी माझी पक्षपाती इच्छा आहे.

एव्हाना एक गोष्ट माझ्या पुरती ठरली आहे. हे नाव दुसऱ्याला चिकटवायला निघालेल्या माणसाच्या हाताला चिकटून येतं. मध्ययुगातल्या युरोपातले यहुदी घ्या. त्यांनी बायबलमधली गावांची नावं आपल्या नव्या नकाशावर पसरली : जर्मनी अश्केनाज, फ्रान्स सारफत, स्पेन सफारद. स्लाव लोकांचा मुलूख, विशेषतः बोहेमिया, झाला कनान. का, ते बाराव्या शतकातला प्रवासी बेंजामिन ऑफ तुदेला सांगतो : तिथले लोक आपली मुलंमुली इतर देशांना विकतात म्हणून. कनान म्हणजे गुलाम, आणि युरोपच्या कितीतरी भाषांत 'गुलाम' हा शब्द 'स्लाव'वरूनच आलेला; दोन वेगळ्या वाटांनी एकाच जमातीची तीच ओळख. पण प्रागमधले यहुदी काय बोलत होते? तीच स्लाव भाषा, जुनी चेक. तिला ते 'लशोन कनान' म्हणत, कनानची भाषा. तेराव्या शतकातल्या एका मोठ्या धर्मशास्त्रग्रंथाचा कर्ता इसहाक बेन मोशे मूळचा बोहेमियाचा; अवघड हिब्रू शब्द आला की तो 'कनानच्या भाषेत याला असं म्हणतात' असं सांगून चेक शब्द हिब्रू अक्षरांत लिहितो. पोलंडच्या मिएश्को राजाच्या काळची कागदासारखी पातळ चांदीची नाणी आहेत, एकाच बाजूनं ठसा असलेली. टांकसाळ यहुद्यांच्या हाती, म्हणून त्यांवर हिब्रू अक्षरांत स्लाव शब्द : 'मश्का क्रल पल्स्क', मिएश्को, पोलंडचा राजा. यशयानं हिब्रूला कनानची भाषा म्हटलं होतं. दोन हजार वर्षांनी त्याच्याच वारसांनी घरात बोलायच्या भाषेला तेच नाव दिलं, या खेपेला शेजाऱ्याला गुलाम म्हणायच्या नादात.

प्रॉटेस्टंट युरोपात त्याचं आणखी वेगळं झालं. डच लोक 'ताले कानान्स' म्हणतात, जर्मन 'कनानची भाषा' आणि फ्रेंच चक्क 'कनानची गावठी बोली', तेव्हा त्यांचा रोख असतो चर्चमधल्या लोकांच्या सोवळ्या, वचनांनी ठासून भरलेल्या बोलण्यावर. आपल्याकडे कीर्तनकारी थाटात बोलणाऱ्याची फिरकी घेतात तशी ही टवाळी. शिवाय नुसता कानाचा घोळही आहेच. येशूच्या बारा शिष्यांतला एक शिमोन. अरामी भाषेतल्या 'आवेशी' या अर्थाच्या शब्दाचं ग्रीकमध्ये 'कनानाइओस' झालं आणि इंग्रजी बायबलात तो 'शिमोन कनानी' म्हणून वावरू लागला. लूकनं त्याला सरळ 'झेलोत', म्हणजे आवेशीच, म्हटलं होतं, पण लक्ष कोण देतो. मुलीच्या आजारासाठी येशूच्या विनवण्या करणारी ती बाई मात्र मत्तयच्या लेखी कनानी आणि मार्कच्या लेखी सुरफुनीकी, म्हणजे सिरियाकडची फिनिशियन. बाई तीच, मत्तयला जुन्या वैराची आठवण करून द्यायची होती, मार्कला फक्त पत्ता द्यायचा होता.

विसाव्या शतकात हे नाव पुन्हा टिंगल म्हणून आलं. वॉर्सात १९०८ साली जन्मलेला आणि हिब्रूत लिहिणारा कवी योनातान रातोश सांगू लागला की पॅलेस्टाइनच्या भूमीत हिब्रू बोलत वाढणारी पिढी हे एक नवं राष्ट्र आहे. जगभरच्या यहुदी धर्माशी त्याचं नातं संपलं, त्याची मुळं धर्माच्या आधीच्या, बआल आणि अनात या जुन्या कनानी देवदेवतांच्या काळात शोधायची. तो आणि त्याचे सोबती स्वतःला 'तरुण हिब्रू' म्हणवत. आव्राहाम श्लोन्स्की या कवीनं चेष्टेनं त्यांना 'कनानी' म्हटलं आणि तेच टिकलं. त्यांच्या विचाराची निशाणी म्हणून दाखवला जातो तो इत्सहाक दान्त्सिगरचा १९३९ चा पुतळा, निम्रोद. पेत्राहून आणलेला लालसर वालुकाश्म, नागवा शिकारी, खांद्यावर ससाणा, पाठीमागे धनुष्य. त्या काळी धार्मिक लोक त्यावर फार भडकले. आज तो जेरुसलेमच्या इस्रायल संग्रहालयात मानानं उभा आहे. चळवळीत माणसं मूठभर होती. राजकारणात त्यांना कुणी विचारलं नाही, पण हिब्रू साहित्यावर बोलताना त्यांना टाळून कुणाला पुढे जाता येत नाही.

मराठीत कनान आला तो मिशनऱ्यांच्या बायबलातून आणि कोकणातल्या बेने इस्रायली यहुद्यांच्या घरांतून. वल्हांडणाच्या रात्री वाचायचा 'हग्गादा' मुंबईत १८४६ साली आणि पुण्यात १८७४ साली मराठीसह छापला गेला. पुण्याच्या प्रतीत सणाची बेखमीर भाकरी करणाऱ्या बायांचं चित्र आहे, लुगडी नेसून जमिनीवर बसलेल्या. त्या रात्रीच्या पाठात यहोशवाचं वचन येतं : तुमचा बाप अब्राहाम याला मी नदीपलीकडून आणलं आणि साऱ्या कनान देशातून फिरवलं. अलिबाग-पेणच्या बाजूला तेल गाळणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या लोकांना गाव 'शनवार तेली' म्हणत होतं. त्यांनाही धंद्यानंच ओळखलं, कमरपट्टे घेणाऱ्या त्या कनानीसारखं.

बायबलच्या ज्या वंशावळीत कनान आहे तिच्यातच आणखी एक नाव आहे, यावान. याफेथाचा मुलगा, म्हणजे ग्रीक, मूळचे आयोनियातले. आजच्या हिब्रूतही ग्रीसला यावानच म्हणतात. हाच आपला यवन. कार्ल्याच्या लेण्यांत खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची नावं कोरली आहेत, त्यांनी ते खांब दान दिले म्हणून. आणि दीड हजार वर्षांनी बखरींत यवन म्हणजे मुसलमान. खांब देणाऱ्या यवनाची आठवण शब्दातून पार पुसली गेली. कनानीच्या बाबतीत निदान सगळे अर्थ एकाच पुस्तकात शिल्लक राहिले, म्हणून मला दोन शब्दांतला कनानी जास्त नशीबवान वाटतो.

आज हा शब्द सगळ्यांना हवा झाला आहे. पॅलेस्टिनी म्हणतात आम्ही कनानी, इथले आद्य. काही लेबनीज म्हणतात आम्ही फिनिशियन, म्हणजे तेच. २०१७ साली सिदोनमधल्या ३७०० वर्षांपूर्वीच्या पाच सांगाड्यांचा डीएनए तपासला. आजच्या लेबनीज लोकांच्या वंशाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग त्या लोकांशी जुळतो असं निघालं. वर्तमानपत्रांनी मथळे दिले की बायबल खोटं ठरलं, कनानी नष्ट झालेच नव्हते. बायबलमधल्याच शास्ते या पुस्तकाचा पहिला अध्याय उघडला असता तरी भागलं असतं. कुठल्या कुठल्या गावांतून कनानी हाकलता आले नाहीत याची तिथे गावनिहाय यादी आहे.

तौफीक कनान हे नाव मला या सगळ्यांत जवळचं वाटतं. १८८२ साली बेथलेहेमजवळच्या बैत जाला गावी जन्मलेला अरब ख्रिस्ती डॉक्टर, कुष्ठरोगाचा तज्ज्ञ. रुग्ण गळ्यात, दंडाला ताईत बांधून येत. हा ते मागून घेई, कशासाठी बांधला ते विचारून टिपून ठेवी. निळे मणी, माशाचं हाड, कागदावरचे मंत्र, दृष्ट काढायच्या वाट्या. हजारावर वस्तू जमल्या. १९४८ च्या लढाईत जेरुसलेममधलं त्याचं घर आणि ग्रंथसंग्रह गेला. ताईत आधीच दुसरीकडे हलवलेले म्हणून वाचले आणि आता बीरझैत विद्यापीठात आहेत. आपण कुणाचे वंशज, यावर त्यानं आडनावाचा दाखला दिला असता तर चाललं असतं. त्यापेक्षा त्यानं शेजारणींच्या वाट्या जमवल्या.

आणि अधिकृत कागदावर, शिक्क्यासह, कुणी आज कनानी असेल तर ते कुत्रं. वाळवंटाच्या कडेला भटकणारी, भटक्या बेदुईन अरबांच्या तंबूंभोवती राखण करणारी गावठी जात; ऑस्ट्रियाहून आलेल्या रुडॉल्फिना मेंझेल या बाईंनी १९३० च्या दशकात ती पकडून, माणसाळवून, तिची पैदास सुरू केली. हिब्रूत 'केलेव कनानी'. कान ताठ, शेपूट वळलेली, अंगाचा रंग वाळूचा, आणि अनोळखी माणूस दिसला की भुंकण्यात पटाईत. त्यांच्या वंशावळीचे दाखले मिळतात, आणि त्यात शापाचा उल्लेख नसतो.